एकवीस वजा तीन

दिवाळी अंकात इतिहासावर लेख म्हटला की आपल्याकडे शिवाजी महाराज, पेशवाई, फार तर स्वातंत्र्यलढा. माझा विषय जरा कोरडा आहे, हे आधीच कबूल करतो. १९८९ साली भारतात मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं, त्याचं बिल किती झालं आणि ते कोणी भरलं, हा तो विषय. चकली खाता खाता वाचण्यासारखा नाही. पण गेले दोन-तीन महिने तो माझ्या डोक्यात बसलाय, म्हणून तुमच्याही माथी मारतो.

सुरुवात झाली इथेच, अरादला. जुलैत बहरीनमध्ये चालायला जायचं म्हणजे रात्री नवाच्या पुढे. अरादच्या किल्ल्यावर दिवे लागलेले असतात, खाडीवरून दमट वारा येत असतो आणि विमानतळ शेजारीच असल्याने गप्पांमध्ये मधून मधून विमानाचा आवाज मिसळतो. आम्ही चार-पाच घरची मंडळी तिथे दोन फेऱ्या मारतो. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारने मतदानाचं वय सोळावर आणण्याचा बेत जाहीर केला, आणि त्या आठवड्यात आमच्या फेऱ्यांना तोच विषय मिळाला. आमच्यात एक काका आहेत. सगळं आयुष्य अकाउंट्समध्ये गेलंय. ते म्हणाले, "सोळा करा नाहीतर सहा करा, मला एकच सांगा, पैसा कोणाचा? याद्या छापायच्या, केंद्रं वाढवायची, मास्तरांना भत्ते द्यायचे. आपल्याकडे एकोणनव्वदला एकवीसचे अठरा केले, तेव्हा कोणी हिशेब मांडला होता का?"

आमच्या शेजाऱ्यांची लेक बरोबर होती. तिला मार्चमध्ये अठरा पूर्ण झालेली, कॉलेजसाठी पुण्याला निघायची तयारी चाललेली. ती पटकन म्हणाली, "म्हणजे काका, माझं मत किती रुपयांना पडलं?"

सगळे हसले. पण प्रश्न चांगला होता. मी धंद्याने आयटी कन्सल्टंट. कोणी 'किती' म्हणून विचारलं की माझा हात एक्सेलकडे जातो. म्हटलं, शोधून सांगतो.

आधी हे सांगायला हवं की 'खर्च परवडणार नाही' हा आक्षेप एकोणनव्वदचा नव्हे. तो आपल्या लोकशाहीपेक्षाही म्हातारा आहे. सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांताच्या समितीवर डॉ. आंबेडकर होते. त्यांनी १७ मे १९२९ रोजी आपला वेगळा अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकार मागितला. पुढे १९३२ साली लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली मताधिकार समिती बसली, तिच्यावरही बाबासाहेब सभासद होते. या समितीने सगळ्या प्रौढांना मत द्यायचं तर काय लागेल याचा विचार केला. मतदार होणार सुमारे १३ कोटी. इतक्यांची मतं घ्यायला पुरेसे अधिकारी नाहीत, बंदोबस्ताला पोलीस नाहीत, म्हणून हे व्यवहारात जमणार नाही, असा निष्कर्ष निघाला. तत्त्वाला विरोध फारसा नव्हता, अडलं ते व्यवस्थेपाशी! शेवटी १९३५ च्या कायद्याने मालमत्ता, शिक्षण अशा चाळण्या लावून तीन-साडेतीन कोटींवर भागवलं.

आणि मग स्वतंत्र भारताने पहिल्याच निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, १७ कोटींहून अधिक मतदारांची यादी करून दाखवली. वय एकवीस. मालमत्तेची अट नाही, शिक्षणाची नाही. सुकुमार सेन हे मुख्य निवडणूक आयुक्त. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी. त्यामुळे पेट्या लाखोंनी लागल्या. त्यातल्या बारा लाखांहून जास्त आपल्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. विक्रोळी तेव्हा आजची नव्हती, कारखाना नुकता उभा राहात होता. एका पेटीची किंमत पाच रुपयांच्या आसपास. (आमचे अकाउंट्सवाले काका हे ऐकून पहिल्यांदा खूश झाले.)

त्या निवडणुकीवर सरकारचा खर्च झाला १०.४५ कोटी रुपये. दर मतदारी साठ पैसे, म्हणजे तेव्हाच्या हिशेबात साडेनऊ आणे. आता गंमत बघा. १९५७ मध्ये मतदार वाढून १९ कोटींच्या वर गेले, आणि खर्च उतरला ५.९० कोटींवर. दर मतदारी तीस पैसे! कारण सोपं आहे. पेट्या होत्याच, याद्यांचा साचा तयार होता. पहिल्या उभारणीत जो पैसा जातो तो पुन्हा पुन्हा जात नाही. आमच्या धंद्यात नवी सिस्टीम बसवताना क्लायंटला हेच समजावता समजावता घसा कोरडा पडतो.

म्हणजे मतदार वाढले की खर्च त्याच प्रमाणात वाढतो, हे गणित पहिल्या दोन निवडणुकांतच चुकलं होतं. हे लक्षात ठेवून एकोणनव्वदकडे येऊ.

१३ डिसेंबर १९८८ रोजी लोकसभेत विधेयक मांडलं गेलं. मांडलं बी. शंकरानंद यांनी, जे त्या वेळी जलसंपदा मंत्री होते. विधेयक बासष्टाव्या दुरुस्तीचं, पण कायदा झाल्यावर ती एकसष्टावी दुरुस्ती ठरली. अशा नंबरांच्या भानगडी सरकारातही होतात हे वाचून मला बरं वाटलं. लोकसभेने ते दोन दिवसांत, १५ डिसेंबरला मंजूर केलं, राज्यसभेने २० डिसेंबरला. निम्म्याहून जास्त राज्यांच्या विधानसभांनी मान्यता दिली आणि २८ मार्च १९८९ ला राष्ट्रपती वेंकटरामन यांची सही झाली. उद्देशपत्रिकेत म्हटलं होतं की आजचा तरुण शिकलेला आणि जागरूक आहे, जगात बऱ्याच देशांनी अठरा केलंय आणि आपल्याकडेही काही राज्यांनी स्थानिक निवडणुकांना अठरा लावलंय.

दुरुस्तीचा मजकूर वाचाल तर हसाल. कलम ३२६ मध्ये 'एकवीस वर्षे' या शब्दांच्या जागी 'अठरा वर्षे' हे शब्द घालावेत. संपलं! आमच्या भाषेत 'वन लाइन चेंज'. आता ज्याने कोणी चालू सिस्टीममध्ये असा एका ओळीचा बदल टाकलाय, त्याला विचारा की त्या एका ओळीमागे किती रात्री जातात.

तर बिल. नोव्हेंबर १९८९ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. आधीच्या, म्हणजे १९८४-८५ च्या निवडणुकीवर सरकारचे ८१.५१ कोटी रुपये खर्च झाले होते. एकोणनव्वदला झाले १५४.२२ कोटी. जवळजवळ दुप्पट. दर मतदारी खर्च दोन रुपयांवरून तीन रुपये दहा पैशांवर गेला. हे आकडे मी काकांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, "बघ! मी सांगत होतो."

पण थांबा. मतदार होते चाळीस कोटी, ते झाले जवळपास पन्नास कोटी. दहा कोटींची भर. त्यात अठरा ते वीस वयाचे किती? १९९१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या साडेचौऱ्याऐंशी कोटी भरली, तेव्हा एकोणनव्वदला ती ऐंशीच्या थोडी वर धरू. त्या वयाच्या एकेका वर्षाचे लोक साधारण दोन टक्के. तीन वर्षांचे सहा टक्के, म्हणजे पावणेपाच कोटींच्या आसपास. हा माझा कागदावरचा अंदाज, तोही सगळ्यांची नावं लागली असं धरून, जे कधीच होत नाही. यांना तीन रुपये दहा पैशांनी गुणा. पंधरा कोटी रुपये.

एकूण वाढ त्र्याहत्तर कोटींची. त्यातले पंधरा या पोरांच्या नावावर, म्हणजे पाचवा हिस्सा. दुसरे सोळा-एक कोटी पाच वर्षांत लोकसंख्या वाढली म्हणून. आणि उरलेला सगळ्यात मोठा भाग, बेचाळीस कोटींच्या घरात, तो जुन्याच चाळीस कोटी मतदारांवरचा दर वाढला म्हणून. महागाई, बंदोबस्त, गाड्या, कागद, भत्ते. खरं तर पंधरा कोटी हा आकडाही जास्तच आहे. कारण एखाद्या वाडीतल्या मतदान केंद्रावर आठशे मतदार असतील आणि त्यात साठ पोरं वाढली, तर केंद्र तेच, मास्तर तेच, पेटी तीच. साठ मतपत्रिका आणि शाईचे साठ ठिपके जादा. खर्च वाढतो तो मर्यादा ओलांडली आणि केंद्राचे दोन भाग करावे लागले तर. देशभरात केंद्रं पाच लाखांच्या आसपास होती, ती पावणेसहा लाखांच्या वर गेली. पण त्यातही वाढत्या लोकसंख्येचा वाटा होताच.

पुढचा आकडा सगळ्यात बोलका आहे. १९९१ मध्ये, म्हणजे दीड वर्षात, पुन्हा निवडणूक लागली. वय तेच अठरा, मतदार जवळपास तेवढेच. खर्च? ३५९.१० कोटी! दर मतदारी सात रुपये. तीन वर्षं वय कमी करून जेवढा बोजा वाढला नव्हता, त्याच्या कितीतरी पट लोकसभा मुदतीआधी मोडल्याने आणि वाढत्या बंदोबस्ताने वाढला. १९९६ ला ५९७ कोटी, २०१४ ला ३,८७० कोटी, म्हणजे दर मतदारी सेहेचाळीस रुपये. या कुठल्याही उडीचा अठरा वर्षांच्या पोरांशी संबंध नाही. काकांनी हे आकडे दोनदा तपासले, आणि त्यांच्या तोंडून "हं" एवढंच निघालं. अकाउंटंट माणसाचं 'हं' म्हणजे काय ते जाणणारे जाणतात.

राजकीय किंमत मोजायची तर तो वेगळाच हिशेब. ज्या राजीव गांधींच्या सरकारने हा हक्क दिला, त्यांचा पक्ष चारशेच्या वर होता, तो नव्या मतदारांसह झालेल्या पहिल्याच निवडणुकीत १९७ वर आला. असो.

मी हे सगळं एक्सेलमध्ये बसवून खूश होतो. शुक्रवारी घरी व्हिडिओ कॉल लावला आणि बाबांना सांगितलं की बघा, सगळं मिळून पंधरा कोटी. बाबा पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "त्यात माझा उन्हाळा धरलास का?"

माझा जन्म फेब्रुवारी १९८९ चा. राष्ट्रपतींची सही झाली तेव्हा मी दीड महिन्याचा. त्या उन्हाळ्यात माझ्या वाट्याला बाबा फारसे आलेच नाहीत, असं आई नेहमी म्हणायची. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. कायदा झाला, निवडणूक त्याच वर्षी होणार हे दिसत होतं, आणि याद्यांमध्ये देशभर तीन वर्षांची पोरं एकदम भरायची होती. ते काम कोण करणार? तलाठी, ग्रामसेवक आणि मास्तर.

सुट्टी लागली की मुंबईहून चाकरमानी गावी येतात, आणि मास्तर रजिस्टर घेऊन वाड्या चढतात. पाटण तालुका म्हणजे कोयनेचं खोरं. एक वाडी या डोंगरावर, दुसरी त्या. नाव विचारायचं, बापाचं नाव, घर क्रमांक आणि वय. अडायचं ते वयापाशी. जन्मदाखले कोणाकडे होते? जो शाळेत गेला त्याच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यावरची तारीख बहुतेक वेळा आधीच्या मास्तरांनी घातलेली, १ जून. जो शाळेत गेलाच नाही त्याचं काय?

१ जानेवारी १९८९ ला अठरा पूर्ण हवीत. म्हणजे जन्म १ जानेवारी १९७१ किंवा त्याआधी. आणि जुन्या यादीत एकवीसवाले आलेले असणार, म्हणजे १९६८ च्या आधीचे. नवे मतदार ते या दोन टोकांच्या मधले. बाबांनी त्याची आपली एक फूटपट्टी केली होती. या टोकाला कोयनेचा भूकंप, त्या टोकाला बहात्तरचा दुष्काळ. भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे; त्या खोऱ्यात तो विसरलेलं माणूस नव्हतं. बाबा दारात बसायचे आणि आईला विचारायचे, "भूकंपाच्या आधीचा का नंतरचा?" एक बाई म्हणाली, "मास्तर, भूकंपात घर पडलं तवा ह्यो पोटात व्हता." घातलं नाव. दुसरीकडे, "दुष्काळात रांगत व्हता." नाही घातलं, कारण बहात्तरमध्ये रांगणारा अठराचा होत नाही. "दुष्काळात खडी फोडायला गेले तवा माझ्यामागं पळत यायचा." बसतो बहुतेक. मग चार बायका जमायच्या आणि पळणारं पोर किती वर्षांचं यावर वाद व्हायचा.

मी विचारलं, "आणि चुकलं तर?" बाबा म्हणाले, "चुकलं असेल की. पण खोटं कोणी सांगत नव्हतं. मिळत काय होतं त्यातून?"

मुलींचं जास्त अवघड. मुलगा असेल तर बाप स्वतः नाव सांगायचा. मुलगी अठरा-एकोणीसची, लग्न व्हायची, तर म्हणायचे, "तिचं कशाला घालताय मास्तर? ती काय इथं राहणार हाय? वैशाखात उरकायचं हाय." आणि सासरच्या वाडीत गेलं तर, "आता तर आलीय, पुढच्या वेळी बघू." म्हणजे माहेरच्या यादीत नाही आणि सासरच्याही नाही. पहिल्या निवडणुकीच्या वेळी अठ्ठावीस लाखांच्या आसपास बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. ते प्रामुख्याने उत्तरेकडे झालं. आमच्या खोऱ्यात बायका नाव सांगत होत्या, पण घरचेच सांगू देत नव्हते. बाबा म्हणतात की काही घरी ते पाण्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत बसून राहिले, नाव घालूनच उठले. काही घरी नाही जमलं.

त्या उन्हाळ्यानंतर पावसाळ्यात हरकती, पुरवणी याद्या. नोव्हेंबरात प्रत्यक्ष ड्यूटी. केंद्राध्यक्ष म्हणून पेटी सांभाळत एसटीने तालुक्याला परत. भत्ता मिळाला, तो १५४ कोटींत आहे. शाळेचे बुडालेले दिवस त्यात नाहीत. पुढे २००६ पासून 'बीएलओ' म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हे पद आलं आणि तेही बहुतांशी मास्तरांच्याच गळ्यात पडलं. बाबा निवृत्त होईपर्यंत त्यांच्याही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की यादीची कामं शिक्षकांना सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याचा वेळ सोडून द्या. म्हणजे शाळा वाचली, आणि मास्तरांची सुट्टी कायद्यानेच गेली.

हे ऐकल्यावर माझं एक्सेल मला जरा पोरकट वाटायला लागलं. खर्च होता, काका म्हणतात तसा तो लोकांनीच भरला. फक्त तो ज्या रकान्यात मी शोधत होतो तिथे नव्हता.

मग प्रश्न येतो, की खर्च टाळायचा तर वय कमी करणं टाळावं का? इथे अमेरिकेची गोष्ट सांगतो, कारण ती सिस्टीमवाल्या माणसाने कपाळाला हात लावावा अशी आहे. १९७० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून सगळ्या निवडणुकांना अठरा वय लावलं. २१ डिसेंबर १९७० ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की राष्ट्रीय निवडणुकांना अठरा चालेल, पण राज्यांच्या आणि गावांच्या निवडणुकांचं वय काँग्रेसला ठरवता येणार नाही. झालं! बहुतेक राज्यांत वय एकवीस. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, एकोणीस वर्षांच्या पोराला राष्ट्राध्यक्षासाठी मत आहे आणि गव्हर्नरसाठी नाही. दोन याद्या, दोन प्रकारच्या मतपत्रिका, मतदानयंत्रात वेगळी सोय. हा दुहेरी कारभार देशभरात कोटी-दोन कोटी डॉलरला पडेल असा अंदाज सिनेटच्या समितीपुढे आला. व्हिएतनामच्या युद्धात अठराची पोरं मरत होती, हे नैतिक कारण तर वर्षानुवर्षं मांडलं जात होतंच. पण राज्यांना खरी घाई लावली ती या दुहेरी यादीच्या बिलाने. मार्च १९७१ मध्ये घटनादुरुस्ती राज्यांकडे गेली आणि १ जुलैला, शंभर दिवसांत, मंजूर झाली. वय कमी न करण्याचा खर्च जास्त होता!

आपल्याकडे १९८८ च्या उद्देशपत्रिकेत 'काही राज्यांनी स्थानिक निवडणुकांना अठरा केलंय' हे वाक्य सहज आल्यासारखं वाटतं. पण ग्रामपंचायतीला अठरा आणि विधानसभेला एकवीस म्हणजे तीच दुहेरी यादी. आज महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग महापालिका, जिल्हा परिषदांसाठी विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे फोडतो. वय एक आहे म्हणून हे जमतं. बाबांसारख्यांचा किमान एक फेरा त्याने वाचतो.

एवढं करून हक्क दिला, त्याचं पुढे काय झालं? इथे मी गुन्हेगार म्हणून उभा आहे. मी २००७ मध्ये अठराचा झालो. तेव्हा पात्रतेची तारीख वर्षातून एकच, १ जानेवारी, त्यामुळे २००८ पासून नाव लागू शकत होतं. मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियरिंग करत होतो. हॉस्टेलवर राहणाऱ्याला तिथल्या पत्त्यावर नाव घालता येतं हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. गावी घालायचं तर सुट्टीत तालुक्याला जायचं. सुट्टीत मी झोपलो. २००९ ची लोकसभा गेली, विधानसभा गेली. नाव नोंदवलं २०१३ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी. ज्या मास्तरांनी भूकंप-दुष्काळ जोडून लोकांच्या पोरांना तीन वर्षं मिळवून दिली, त्यांच्या स्वतःच्या पोराने ती तिन्ही वाया घालवली आणि वर तीन. बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. आता व्हिडिओ कॉलवरही बोलले नाहीत, नुसते चष्मा पुसत राहिले.

मी एकटा नव्हतो. २०११ पासून २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस सुरू करावा लागला तो याचसाठी, की अठराची पोरं याद्यांत येईनात. ऑगस्ट २०२२ पासून पात्रतेच्या तारखा वर्षात चार झाल्या: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली. तरी २०२४ च्या लोकसभेला अठरा-एकोणीस वयाचे नोंदलेले मतदार सुमारे १ कोटी ८० लाख होते, आणि त्या वयाच्या अंदाजित लोकसंख्येशी ताडून पाहिलं तर ते चाळीस टक्क्यांच्या आतच भरत होते.

आणि आपण? परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला २०११ पासून पासपोर्टातल्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, फॉर्म ६ अ. मत मात्र तिथे जाऊनच द्यायचं. प्रतिनिधीमार्फत मत देण्याचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत राहिलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बुडालं. २०२४ ला जगभरातून असे नोंदलेले मतदार होते सुमारे १ लाख १९ हजार, त्यातले बहुसंख्य केरळचे. प्रत्यक्ष जाऊन मत दिलेले तीन हजारांच्या आत. आपल्या मंडळात ओणमवरून मल्याळी मंडळींची आपण चेष्टा करतो, पण फॉर्म भरण्यात ते आपल्या कितीतरी पुढे आहेत बुवा.

ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांची लेक पुण्याला गेली. निघायच्या आधी एका संध्याकाळी अरादला आमच्या जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. तिची आई म्हणाली, "अहो, तिचं आत्ता कशाला? चार वर्षांसाठी चाललीय, ती काय तिथे राहणार आहे?" मला हसू आलं, का ते त्यांना सांगितलं नाही. शिक्षणासाठी पुण्यात राहणार, तेव्हा ६ अ नाही, साधा फॉर्म ६, हॉस्टेलचा दाखला जोडून. जन्म मार्च २००७. जुन्या नियमाने तिला १ जानेवारी २०२६ पर्यंत थांबावं लागलं असतं. आता १ एप्रिल २०२५ लाच ती पात्र झालेली. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही दिलं: तुझ्यासाठी वय कमी केलं तेव्हा डोकी तीन रुपये दहा पैसे. ती म्हणाली, "एवढंच?"

बाबा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांना फॉर्ममध्ये भलताच रस. तारीख सांगितली तरी त्यांचं समाधान होईना. म्हणाले, "तिच्या आईला विचार, कशाच्या वेळची ती."

वहिनींना आधी कळेना. मग आठवून म्हणाल्या, "आम्ही तेव्हा नुकते अरादला आलो होतो. इथली निवडणूक चालली होती, नाक्यानाक्यावर उमेदवारांचे तंबू, चहा-कॉफी वाटत होते. तेव्हा ही पोटात होती."

ती निवडणूक २५ नोव्हेंबर २००६ ची. बहरीनने त्याच वर्षी मतदानाचं वय एकवीसवरून वीसवर आणलं होतं. २००२ मध्ये इथे मतदार होते २ लाख ४३ हजार, ते त्या खेपेला २ लाख ९५ हजार झाले. इथल्या कोणा मास्तरांनी ते एक वर्ष कसं भरून काढलं असेल, कोण जाणे. मी हे सगळं बाबांना सांगायला लागलो, पण त्यांनी मध्येच थांबवलं.

"म्हणजे बसते," ते म्हणाले. "घाल नाव."